आजोबांच्या सोहळ्याची डीव्हीडी आणि फणीचे दाते

आमच्या आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन २००५ च्या मे महिन्यात सांगलीला झाले. न्यू जर्सीत राहणारे माझे धाकटे काका त्यासाठी आले होते आणि येताना त्यांनी एका मित्राचा व्हिडिओ कॅमेरा मागून आणला होता. परत गेल्यावर त्यांनी ते चित्रीकरण स्वतः संगणकावर जोडले, त्यात आजोबांची जुनी छायाचित्रे घातली, आत्याच्या १९८७ सालच्या लग्नाच्या कॅसेटमधला एक तुकडाही घातला, आणि एक तास पन्नास मिनिटांची डीव्हीडी करून प्रत्येक घरी एकेक प्रत पाठवली. आता आमच्या कोणाच्याच घरी ती लावायला यंत्र उरलेले नाही. मागच्या दिवाळीत चुलतबहीण म्हणाली, "दादा, ती फोनवर बघता येईल अशी करून दे ना." एका रात्रीचे काम आहे असे समजून मी हो म्हटले. ते काम दोन महिने चालले, आणि त्याचे कारण असे की ज्याला मी एक चित्रफीत समजत होतो तिच्यात पाच वेगवेगळ्या जन्मकुंडल्या होत्या.

तबकडीवरचा मजकूर उतरवण्याचा भाग लवकर सांगून टाकतो. घरी जाळलेल्या डीव्हीडीतला रंगाचा थर वर्षांनुवर्षे टिकेलच असे नसते. आमच्या प्रतीत शेवटची काही मिनिटे वाचता येत नव्हती. डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने आमच्या आणि आत्याच्या अशा दोन्ही प्रती वाचल्या आणि एकीतले खराब तुकडे दुसरीतून भरून काढले. दोन्ही प्रती एकाच मूळ तबकडीवरून निघालेल्या असल्यामुळे हे साधले.

पहिल्या प्रयत्नात मी बहुतेक लोक करतात तेच केले. प्रोग्रॅममध्ये 'डीइंटरलेस' असा एक पर्याय असतो, तो चालू केला आणि संपूर्ण डीव्हीडी सेकंदाला २९.९७ फ्रेमच्या एचडॉटटूसिक्सफोर या फोनवर चालणाऱ्या पद्धतीच्या फाईलमध्ये बदलली. फाईल दिसायला बरी होती. पण आजोबांची मुलाखत मूळ तबकडीवर जशी वाहती वाटते तशी ती राहिली नव्हती, त्यांचा हात हलला की मधूनच अडखळत होता. छायाचित्रांमधल्या बारीक रेषा, उदाहरणार्थ पणजीच्या नऊवारीचा काठ, उगीचच चुळबुळत होत्या. मंगल कार्यालयातला भाग तर गुळगुळीत झाल्यासारखा, मऊ पडलेला होता. एकच औषध पाच रोग्यांना दिल्याचा हा परिणाम होता, आणि त्यांतले दोघे तर आजारीही नव्हते.

इंटरलेस्ड म्हणजे काय हे थोडक्यात सांगायला हवे. अमेरिकन पद्धतीच्या डीव्हीडीत एका फ्रेममध्ये ४८० रेषा असतात, पण त्या सर्व एकाच क्षणी टिपलेल्या असतातच असे नाही. जुन्या काचेच्या टीव्हीसाठी प्रत्येक फ्रेम दोन फील्डमध्ये विभागली जाई: एका फील्डमध्ये पहिली, तिसरी, पाचवी अशा रेषा, दुसऱ्यात दुसरी, चौथी, सहावी. साधा व्हिडिओ कॅमेरा ही दोन फील्ड वेगवेगळ्या क्षणी टिपतो, म्हणजे सेकंदाला ५९.९४ वेगळी चित्रे, प्रत्येकी अर्ध्या रेषांची. ती दोन एकत्र करून संगणकाच्या पडद्यावर दाखवली की हलणाऱ्या वस्तूच्या कडेला फणीचे दाते दिसतात, कारण मधल्या वेळात वस्तू पुढे सरकलेली असते. याउलट दोन्ही फील्ड एकाच क्षणाची असतील तर ती फ्रेम प्रोग्रेसिव्ह. तिला डीइंटरलेस करणे म्हणजे चांगल्या निम्म्या रेषा फेकून त्या जागी अंदाजाने नव्या काढणे.

आता प्रश्न असा की कोणता भाग कसला आहे हे कळावे कसे. डीव्हीडीवर चित्र साठवण्याची जी एमपेग-२ पद्धत असते तिच्यात प्रत्येक फ्रेमसोबत ती प्रोग्रेसिव्ह आहे की नाही याची खूण असते, आणि अनेक फिल्टरांना 'ज्यावर इंटरलेस्डची खूण आहे तेवढेच बदल' असे सांगता येते. चित्रपटांच्या व्यवस्थित बनवलेल्या अमेरिकन डीव्हीडीत या खुणांचा खरोखर उपयोग होतो: तिथे सेकंदाला २३.९७६ पूर्ण फ्रेम साठवलेल्या असतात आणि 'हे फील्ड पुन्हा दाखव' अशी खूण प्लेयरला दिलेली असते, त्यामुळे ती खूण दुर्लक्षिली की मूळ फ्रेम जशाच्या तशा हाती येतात. पण काकांसारख्या हौशी माणसाने घरच्या प्रोग्रॅममधून बनवलेल्या तबकडीवर सगळ्याच फ्रेमवर इंटरलेस्ड अशी सरसकट खूण असते, कारण त्या प्रोग्रॅमची टाइमलाइनच तशी आखलेली असते. आमच्या स्वयंपाकघरात झाकणावर 'चहा' लिहिलेल्या डब्यात गेली वीस वर्षे रवा असतो. या खुणांचे तसेच. झाकण उघडून पाहण्याला पर्याय नाही.

उघडून पाहायचे दोन मार्ग आहेत आणि मी दोन्ही वापरले. एफएफएमपेग या चित्रफितींवर काम करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये इडेट नावाचा फिल्टर आहे, तो प्रत्येक फ्रेम तपासून किती फ्रेम इंटरलेस्ड वाटल्या, किती प्रोग्रेसिव्ह, आणि कोणते फील्ड आधीचे, याची मोजदाद देतो. संपूर्ण फाईलची मोजदाद घेणे निरर्थक असते, कारण पाच प्रकारांची सरासरी निघते आणि ती कोणत्याच भागाला लागू पडत नाही. मी तीस-तीस सेकंदांचे तुकडे करून मोजले आणि जिथे आकडे एकदम बदलत तिथली सीमा नजरेने शोधली. नजरेने पाहण्यासाठी व्हेपरसिंथ या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये फील्ड सुटी करून एकेक पुढे सरकवत जायचे. चित्र प्रत्येक फील्डला पुढे जात असेल तर खरे इंटरलेस्ड. दोन फील्डना एकच चित्र असेल तर प्रोग्रेसिव्ह. दोन, तीन, दोन, तीन अशा लयीत चित्र बदलत असेल तर चित्रपटाच्या गतीचे. ही कंटाळवाणी मोजणी कोणीही टाळू नये. मी ती टाळली म्हणूनच पहिला महिना वाया गेला.

मुलाखतीचा भाग सर्वांत आधी सुटला. काकांच्या मित्राचा कॅमेरा पॅनासॉनिकचा डीव्हीएक्स१०० होता. २००२ साली आलेल्या या कॅमेऱ्याचे त्या काळी कौतुक होते, कारण साध्या मिनीडीव्ही फितीवर तो सेकंदाला २४ फ्रेम टिपू शके, आणि त्यामुळे चित्राला चित्रपटाची चाल येई. फितीला मात्र सेकंदाला ५९.९४ फील्डच ठाऊक, म्हणून कॅमेरा चार फ्रेमची दहा फील्ड करून लिहीत असे: पहिलीची दोन, दुसरीची तीन, तिसरीची दोन, चौथीची तीन. अशा दहा फील्डच्या पाच व्हिडिओ फ्रेम होतात, त्यांतल्या तीन स्वच्छ आणि दोन दातेरी. इडेटची मोजदाद या भागात सुमारे साठ टक्के प्रोग्रेसिव्ह आणि चाळीस टक्के इंटरलेस्ड अशी येत होती, आणि एकदा ही लय माहीत झाली की तो आकडा पाहताच ओळख पटते. त्याच कॅमेऱ्यात दोन-तीन-तीन-दोन अशी दुसरी लयही होती, तिच्यात पाचांपैकी एकच फ्रेम दातेरी असते आणि तेवढी काढून टाकली की काम होते. काकांनी ती निवडली असती तर माझे कष्ट वाचले असते, पण त्यांना ते कळायचे काही कारण नव्हते.

इथे डीइंटरलेस करणे ही चूकच ठरते, कारण प्रत्येक मूळ फ्रेमच्या दोन्ही बाजूच्या रेषा तबकडीवर शाबूत आहेत, फक्त शेजाऱ्यांच्या घरात जाऊन बसल्या आहेत. त्यांना जोडीदार शोधून द्यायचा असतो. हे काम टीआयव्हीटीसी या फिल्टरजोडीतला पहिला फिल्टर करतो, एफएफएमपेगमध्ये त्याच कामाला फील्डमॅच आहे. दुसरा फिल्टर मग पाचांतली जास्तीची एक फ्रेम काढतो आणि २३.९७६ च्या मूळ फ्रेम हाती येतात. काकांनी ज्या ठिकाणी मुलाखत कापून जोडली होती तिथे लय तुटते, कारण त्यांचा काप पाचाच्या पटीत पडणे हा योगायोगच. फिल्टर लय आंधळेपणाने पाळत नसून प्रत्येक फ्रेमला जोडीदार नव्याने शोधत असेल तर कापाच्या आसपास एखादीच फ्रेम बिघडते. मी सर्व कापांच्या जागा वहीत लिहून काढल्या होत्या, एकूण एकेचाळीस निघाल्या, आणि त्यांतल्या सहा हाताने दुरुस्त केल्या.

मुलाखतीची शेवटची दोन मिनिटे मात्र निराळी निघाली. त्यावर काकांनी खालून वर सरकणारी सर्व नातेवाइकांची नावे टाकली आहेत. मागचे चित्र चित्रपटाच्या लयीतले, पुढची अक्षरे प्रोग्रॅमने प्रत्येक फील्डला सरकवलेली. जोडीदार शोधले की आजोबा स्वच्छ आणि नावांना दाते. अक्षरांचे दाते काढायला गेलो की आजोबा मऊ. एकाच फ्रेममध्ये दोन काळ असले की तुकडे पाडून उपयोग होत नाही. तिथे मी अक्षरांची बाजू घेतली, म्हणजे संपूर्ण दोन मिनिटे प्रत्येक फील्डची एक पूर्ण फ्रेम करून सेकंदाला ५९.९४ फ्रेमवर नेली. नावे वाचताना घरातली माणसे आपापले नाव शोधतात. मागे आजोबांच्या सदऱ्याची वीण किती ठळक आहे हे त्या वेळी कोणी पाहत नाही.

छायाचित्रांचा भाग माझ्या मते सर्वांत सोपा असायला हवा होता. स्थिर छायाचित्रात दोन्ही फील्डमध्ये तेच चित्र, म्हणजे आहे तसे ठेवायचे. पण काकांनी काही छायाचित्रांवरून कॅमेरा फिरल्यासारखा परिणाम घातला होता, आणि नेमक्या त्या जागी चित्र एक पाऊल पुढे, अर्धे मागे असे थरथरत होते. फील्ड सुटी करून पाहिल्यावर उलगडा झाला. मिनीडीव्हीमध्ये खालचे फील्ड आधीचे असते, आणि काकांची टाइमलाइन तशीच होती. छायाचित्रांचा भाग मात्र त्यांनी वेगळ्या प्रोग्रॅममध्ये बनवला होता, त्यात वरचे फील्ड आधीचे होते. जोडताना हा क्रम बदलला गेला नाही, त्यामुळे प्रत्येक जोडीतली दोन फील्ड उलट्या क्रमाने दिसत होती. म्हणजे ही थरथर वीस वर्षे आमच्या टीव्हीवरही होती आणि आम्ही ती जुन्या फोटोंचा स्वभाव समजत होतो. तेवढ्या नऊ मिनिटांपुरते 'वरचे फील्ड आधीचे' असे फिल्टरला बजावले आणि थरथर थांबली.

आता कार्यालयातल्या सोहळ्याकडे येतो, कारण खरे डोके तिथे लागले. हा भाग काकांनी कॅमेऱ्याच्या नेहमीच्या पद्धतीने टिपला होता, सेकंदाला ५९.९४ फील्ड, म्हणजे निखळ इंटरलेस्ड. अशा चित्रासाठी आज क्यूटीजीएमसी नावाची स्क्रिप्ट सर्वांत चांगली मानली जाते; ती शेजारच्या फील्डमधून हालचालीचा माग काढून हरवलेल्या रेषा भरते. वेळ भरपूर घेते, माझ्या जुन्या संगणकावर तासाभराच्या चित्रणाला एक रात्र लागत होती, पण निकाल चांगला येतो. इथे मात्र तो चांगला आला नाही. आजोबा पाटावर स्थिर बसलेले असताना मागच्या भिंतीवर दाते दिसत होते. भिंत काही हलत नव्हती. इडेटही ठामपणे सांगत होता की इथे हालचाल आहे.

दोन संध्याकाळी मी या भिंतीसमोर बसलो. शेवटी फील्ड सुटी करून नुसता उजेड मोजला, तेव्हा तो कमी, जास्त, मध्यम, पुन्हा कमी, जास्त, मध्यम असा तीन-तीन फील्डच्या फेऱ्यात बदलताना दिसला. कारण आपल्याकडच्या विजेत होते. कार्यालयात तांब्याच्या चोकच्या ट्यूबलाइट होत्या. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. अमेरिकेतला कॅमेरा मात्र तिकडच्या ६० हर्ट्झच्या हिशोबाने सेकंदाला ५९.९४ वेळा पाहणारा. एका फील्डच्या वाट्याला पूर्ण स्पंदने येत नाहीत, सुमारे १.६७ येतात, तीन फील्डमध्ये मिळून जवळजवळ नेमकी पाच होतात, म्हणून तीन-तीनचा फेरा. भारतीय पद्धतीचा, सेकंदाला ५० फील्डचा कॅमेरा असता तर प्रत्येक फील्डला दोन पूर्ण स्पंदने मिळाली असती आणि हे काही घडलेच नसते. टीव्हीवर हा थरकाप थोडासा जाणवत असे; पण फिल्टरला मात्र शेजारच्या दोन रेषांचा उजेड वेगळा दिसला की ती हालचालच वाटते, आणि मग तो न हललेल्या भिंतीला सरळ करायला निघतो.

म्हणजे क्रम उलटा हवा होता: आधी उजेड समान करायचा, मग दाते काढायचे. प्रत्येक फील्डच्या सरासरी उजेडाला शेजारच्या तीन फील्डच्या सरासरीवर आणून पाहिले. आजोबांचा चेहरा स्थिरावला, पण उजवीकडची पंगत आणखी थरथरू लागली. यावर मला चटकन उत्तर सुचले नाही. ते सुचवले माझ्या मेहुण्याने, जो वायरिंगची कामे घेतो. तो म्हणाला, "भाऊजी, कार्यालयाला थ्री-फेज असणार. स्टेज एका फेजवर, हॉल दुसऱ्या फेजवर." तीन फेजची वीज एकमेकींच्या एकतृतीयांश फेऱ्याने मागेपुढे असते, त्यामुळे स्टेजवरची ट्यूब उजळते तेव्हा हॉलमधली मंदावत असू शकते, आणि दोघींची मिळून काढलेली सरासरी दोघींनाही लागू पडत नाही.

त्यानंतरचा उपाय मला स्वतःला आवडला, म्हणून तो नीट सांगतो. प्रत्येक सुट्या फील्डची एक अगदी लहान, पुसट प्रत केली, आडव्या सोळा आणि उभ्या बारा ठिपक्यांची. एवढ्या लहान चित्रात माणसे हललेली फारशी कळत नाहीत, पण खोलीच्या कोणत्या कोपऱ्यात किती उजेड आहे हे कळते. मागचे, हे आणि पुढचे अशा तीन फील्डच्या लहान प्रतींची सरासरी काढली, त्या सरासरीला या फील्डच्या प्रतीने भागले, आणि मिळालेला गुणक पुन्हा मोठा करून मूळ फील्डला गुणला. स्टेजला स्टेजचा गुणक, पंगतीला पंगतीचा. मग फील्ड पुन्हा एकत्र विणून क्यूटीजीएमसीकडे दिली. भिंतीवरचे दाते गेले आणि आत्याच्या पैठणीवरचे मोर प्रथमच मोजता आले. जिथे कोणी कॅमेऱ्याच्या अगदी समोरून जाते तिथे उजेडाची एक हलकी लाट येते, ती मी तशीच राहू दिली. या सबंध भागात एकच चार मिनिटांचा तुकडा असा होता की ज्याला कसलीच दुरुस्ती लागली नाही: भारनियमनाची वेळ झाली, ट्यूब गेल्या, आणि जनरेटर सुरू होईपर्यंत खिडकीतल्या उन्हात औक्षण चालू राहिले. त्या वेळी सगळे वीज मंडळाच्या नावाने बोटे मोडत असलेले ऐकू येतात.

मुलाखतही त्याच कार्यालयाच्या खोलीत, तशाच ट्यूबखाली घेतलेली आहे, मग तिच्यात जोडीदार शोधताना हा घोळ का झाला नाही, असा प्रश्न मला नंतर पडला. चोवीसच्या पद्धतीत एका फ्रेमची दोन्ही किंवा तिन्ही फील्ड एकाच उघडझापीतून आलेली असतात, त्यामुळे त्यांचा उजेड सारखाच असतो. एका फ्रेमपासून दुसरीपर्यंत उजेड थोडा धडधडतो, पण एका फ्रेमच्या पोटात भांडण नाही.

उरला आत्याच्या लग्नाचा तुकडा. मूळ कॅसेट भारतीय पाल पद्धतीची, ६२५ रेषा आणि सेकंदाला ५० फील्ड. काकांनी ती न्यू जर्सीत एका दुकानातून अमेरिकन पद्धतीत बदलून घेतली होती. तिथल्या यंत्राने पन्नासांची साठ करताना बहुतेक प्रत्येक नवे फील्ड दोन शेजारच्या फील्डच्या मिश्रणातून काढले, आणि वर रेषांची संख्याही कमी केली. सुटी फील्ड पाहत गेले की साधारण सहातले एक जवळजवळ स्वच्छ दिसते आणि बाकीच्यांत आत्याला दोन-दोन हात फुटतात, एक ठळक आणि एक भुतासारखा. असे मिश्रण उलगडणारे फिल्टर आहेत, पण ते चित्रपटातून आलेल्या, म्हणजे मुळात सेकंदाला पंचवीसच पूर्ण चित्रे असलेल्या मजकुरासाठी उपयोगी पडतात. इथे मूळच इंटरलेस्ड, पन्नास वेगळ्या क्षणांचे, त्यात कॅसेटची खरखर. दुधात पाणी किती हे सांगता आले तरी पाणी वेगळे काढता येत नाही. या भागाला मी बीडब्ल्यूडीआयएफ हा साधा डीइंटरलेस करणारा फिल्टर लावून फील्डमागे एक फ्रेम करून दिली आणि त्यावर आणखी काही केले नाही.

पाच तुकडे स्वच्छ झाल्यावर ते एकत्र कोणत्या गतीने ठेवायचे, हा प्रश्न शिल्लक होता. तत्त्वतः सर्वांत देखणा मार्ग म्हणजे बदलत्या गतीची फाईल: मुलाखत २३.९७६ ने, बाकी ५९.९४ ने, आणि प्रत्येक फ्रेमची वेळ मॅट्रोस्का (एमकेव्ही) फाईलमध्ये लिहिलेली. मी ती बनवलीही. माझ्या संगणकावर ती उत्तम चालली. चुलतभावाच्या टीव्हीवर मुलाखतीपासून आवाज पुढे आणि ओठ मागे असे झाले. आणि बहिणीने त्यातला एक तुकडा कापायला घेतला तेव्हा तिच्या प्रोग्रॅमने सगळी फाईल एकाच गतीची धरली. ज्या घरात फाईल सात जणांच्या सात यंत्रांवर जाणार तिथे हा मार्ग योग्य नाही, असे माझे मत झाले. म्हणून मी सगळेच ५९.९४ वर ठेवले. मुलाखतीच्या स्वच्छ फ्रेम एक दोनदा, पुढची तीनदा अशा दाखवल्या, म्हणजे टीव्हीवर ती जशी दिसत होती तशीच आता दिसते, पण दात्यांशिवाय. स्थिर छायाचित्रांची प्रत्येक फ्रेम दोनदा. तीच फ्रेम पुन्हा आली की एक्सटूसिक्सफोर हा फाईल बनवणारा प्रोग्रॅम तिच्यावर जवळजवळ काहीच जागा खर्च करत नाही, त्यामुळे फाईल फुगेल ही भीती खोटी ठरली: ४.२ जीबीच्या तबकडीची २.३ जीबीची फाईल झाली.

हीच तबकडी भारतीय पद्धतीची असती तर काम बरेच सोपे झाले असते. तिथे चित्रपट बहुधा चोवीसऐवजी पंचवीसच्या गतीने, चार टक्के जास्त वेगाने पळवून ठेवलेला असतो. म्हणून सगळे पन्नासवर नेले की प्रोग्रेसिव्ह फ्रेम नेमक्या दोनदा येतात आणि दोन-तीनची लंगडी चाल उरतच नाही.

दोन बारीक गोष्टी सांगून ठेवतो, कारण त्या चुकल्या की बाकीचे कष्ट दिसत नाहीत. चित्राचा आकार दाते काढण्याआधी कधीही बदलू नये. रेषा एकमेकींत मिसळल्या की फील्ड पुन्हा वेगळी करता येत नाहीत. आणि ७२० ठिपक्यांची रुंदी ताणून किंवा दाबून चौरस ठिपक्यांची करण्यापेक्षा, दोन्ही कडांचे आठ-आठ ठिपके कापून ७०४ ठेवावी आणि ठिपक्याचे प्रमाण दहास अकरा असे फाईलमध्ये लिहावे; ते प्रोग्रॅम वाचतात आणि चेहरे लांबट किंवा बसके होत नाहीत. आवाज मी डीव्हीडीवर होता तसाच, पुन्हा न दाबता ठेवला. रंगांचे फारसे काही करता आले नाही. अमेरिकन मिनीडीव्ही रंगाची माहिती आडवी एकचतुर्थांशच ठेवते, डीव्हीडी ती उभी निम्मी करते, आणि दोन्ही कात्र्या एकामागून एक फिरल्यावर कुंकवाच्या कडा ओघळलेल्या दिसतात त्या दिसतातच. मूळ मिनीडीव्ही फिती मिळाल्या असत्या तर निदान दुसरी कात्री टळली असती, पण काकांनी त्यांवर पुढे नायगाराची सहल टिपली.

लग्नाच्या तुकड्यासाठी मात्र एक वाट अजून उघडी आहे. मूळ व्हीएचएस कॅसेट आत्याकडे सांगलीत माळ्यावर आहे, असे तिने परवा फोनवर सांगितले, आणि माळ्यावरची पिशवी काढून कॅसेटचा फोटोही पाठवला. फितीच्या एका कडेवर पांढरी बुरशी दिसते आहे. अशी कॅसेट यंत्रात घातली तर यंत्राचे डोकेही खराब होते आणि फीतही तुटते, म्हणून तिला निक्षून सांगितले आहे की शेजाऱ्यांकडे व्हीसीआर असला तरी ती लावून पाहू नकोस. पुढच्या महिन्यात मी स्वतः जाऊन ती घेऊन येणार आहे. तोपर्यंत फाईलमध्ये आत्याला अकरा मिनिटे चार हात राहतील, आणि तिला त्याचे काही वाटत नाही. ती म्हणते, लग्नाच्या दिवशी तेवढे हात असते तर बरेच झाले असते.